दिवे मालवा आणि मग सांगा : महागड्या वायरींचा इतिहास

मंडळी, पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा. विषय वरवर पाहता चैनीचा वाटेल. हजारो रुपयांची स्पीकरची वायर लावल्यावर गाणं खरंच जास्त चांगलं ऐकू येतं का? पण या एका प्रश्नामागे शंभर वर्षांचा इतिहास आहे. त्यात अमेरिकेचं सुप्रीम कोर्ट आहे, दहा लाख डॉलरचं बक्षीस आहे, आणि आपल्याकडे रोज उपस्थित होणारा एक वादही आहे : दावा करणाऱ्यानं सिद्ध करायचं, की शंका घेणाऱ्यानं?

सुरुवात करू एडिसनपासून.

१९१५ साली थॉमस एडिसनच्या कंपनीनं आपला नवा 'डायमंड डिस्क' फोनोग्राफ खपवण्यासाठी एक भन्नाट प्रयोग सुरू केला. नाव 'टोन टेस्ट'. भरलेल्या थिएटरात रंगमंचावर एक गायिका आणि शेजारी लाकडी कपाटासारखं मशीन. मशीनवर त्याच गायिकेची तबकडी लावायची. ती तबकडीबरोबर गाणार, मधेच ओठ मिटणार, पुन्हा गाणार. मग दिवे घालवायचे. अंधारात गाणं चालूच. दिवे लागले की प्रेक्षक बघतात तर रंगमंचावर बाई नाहीतच, मशीन एकटंच गातंय! टाळ्यांचा कडकडाट. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या जाहिरातीत : खरा आवाज आणि आमचा आवाज, लोकांना फरक कळला नाही. १९१६ साली न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्येही हा कार्यक्रम झाला. १९२५ पर्यंत गावोगाव असे हजारो प्रयोग झाले.

आज त्या तबकड्या ऐकल्या तर हसू येतं. खरखर, वरचे सूर गायब, खालचे सूर गायब. मग तेव्हाच्या लोकांचे कान काय पितळेचे होते? नाही. यातली एक गायिका, अ‍ॅना केस, हिनं पुढे म्हातारपणी गुपित सांगितलं : ती आपला आवाज मशीनच्या आवाजाला जुळेल असा ठेवायची. म्हणजे मशीन गायिकेसारखं गात नव्हतं, गायिका मशीनसारखी गात होती. (गंमत म्हणजे एडिसन स्वतः जवळजवळ ठार बहिरा. फोनोग्राफच्या लाकडाला दात लावून, कवटीतून जाणाऱ्या कंपनांनी ऐकायचा. आणि कोणत्या गायकाचं रेकॉर्डिंग करायचं हे मात्र तोच ठरवायचा.)

या प्रयोगातल्या दोन गोष्टी लक्षात ठेवा, पुढे सारख्या लागणार आहेत. एक, अंधार. दोन, आवाजाची पातळी जुळवणं. ध्वनियंत्रांच्या धंद्यानं या दोन्ही गोष्टी पहिल्यांदा स्वतःच वापरल्या, माल विकायला. साठ-पासष्ट वर्षांनी दुसऱ्या कुणीतरी तोच अंधार मागितला, तेव्हा धंद्याला तो मानवेना.

मधला काळ पटकन सांगतो. १९२५ च्या सुमारास मायक्रोफोन आणि विजेवरचं रेकॉर्डिंग आलं, चाळीसच्या दशकाच्या शेवटी लाँग प्लेइंग रेकॉर्ड, १९५८ च्या आसपास घरोघरी स्टिरिओ. हे सगळे फरक कुणालाही ऐकू येणारे होते. त्यासाठी कुणाला डोळे बांधून बसवावं लागलं नाही. आणि या सगळ्या काळात ॲम्प्लिफायरपासून स्पीकरपर्यंत कोणती वायर होती? टेबललॅम्पची. अमेरिकेत तिला लॅम्प कॉर्ड म्हणायचे. दोन पदरी, तांब्याची, हार्डवेअरच्या दुकानात फुटावर मिळणारी. आपल्याकडे इलेक्ट्रिकच्या दुकानात जी 'फ्लेक्सिबल' मिळते, तिचीच बहीण. कुणाची तक्रार नव्हती.

मग सत्तरच्या दशकाच्या शेवटी सॅन फ्रान्सिस्कोत नोएल ली नावाचा माणूस आला. लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत लेझरवर काम केलेला इंजिनियर, आणि हौसेनं ड्रम वाजवणारा. घरी वेगवेगळ्या वायरी लावून ऐकताना त्याला वाटलं की फरक पडतोय. जाड, देखणी, पारदर्शक वेष्टनातली वायर त्यानं बनवली आणि नाव ठेवलं 'मॉन्स्टर केबल'. तोवर दुकानदार वायर फुकट द्यायचा. वायर ही वस्तू म्हणून विकता येते, हा शोध लीचा. आणि धंदा म्हणून शोध जबरदस्त होता. ॲम्प्लिफायर, टीव्ही यांच्यावर दुकानदाराला सुटतं थोडं, कारण गिऱ्हाईक चार ठिकाणी भाव विचारून आलेलं असतं. वायरीचा भाव कोण विचारतं? तिथे मार्जिन भरपूर. दीड लाखाची सिस्टीम घेतलीत आणि दहा हजारांच्या वायरीला मागेपुढे बघता, असं सेल्समननं म्हटलं की माणूस ओशाळतो. हे वाक्य मी आपल्याकडच्याही एका दुकानात ऐकलंय. दुकानाचं नाव कशाला सांगू, जगभर हेच वाक्य आहे. लीची कंपनी एवढी वाढली की २००४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या फुटबॉल स्टेडियमला तिचं नाव लागलं : मॉन्स्टर पार्क. वायरवाल्याच्या नावाचं स्टेडियम!

आता प्रामाणिकपणे बघू, वायरीनं फरक पडतो का? पडतो. तांब्याला रोध असतो. वायर जितकी बारीक आणि लांब, तितका रोध जास्त, आणि तितकी ॲम्प्लिफायरची ताकद स्पीकरऐवजी वायरीत जिरते. समजा ३० फूट लांब वायर आहे. जाऊन येऊन तांबं ६० फूट. अमेरिकी मापातली २४ गेज, म्हणजे टेलिफोनच्या वायरीसारखी बारीक वायर घेतली तर रोध होतो साधारण दीड ओहम. स्पीकर ८ ओहमचा. आवाज सुमारे दीड डेसिबलनं पडतो, आणि ते कानाला कळू शकतं. तीच १६ गेजची लॅम्प कॉर्ड घेतली तर रोध पाव ओहम, घट पाव डेसिबल. गाणं ऐकताना एवढी घट कळत नाही. त्याहून जाड घेतली तर घट आणखी थोडी कमी होईल, पण जे मुळात ऐकूच येत नव्हतं ते आणखी न ऐकू येणारं होईल. म्हणजे जाडीला अर्थ आहे, एका मर्यादेपर्यंत. त्या मर्यादेनंतर चांदीचा मुलामा, ऑक्सिजनविरहित तांबं, तारांची विशिष्ट वीण, वायरीवर छापलेला 'या दिशेनं लावा'चा बाण, या सगळ्याचा दावा सुरू होतो. वाद आहे तो तिथून पुढचा.

या वादात पहिल्यांदा उभे राहिले ते कुणी बाहेरचे टीकाकार नव्हते. न्यूयॉर्क राज्यातली मॅकिंटॉश लॅबोरेटरी, अत्यंत महागडे आणि नावाजलेले ॲम्प्लिफायर बनवणारी कंपनी. तिचे प्रमुख गॉर्डन गाऊ यांनी एक स्विचची पेटी केली. एका बटणावर साधी वायर, दुसऱ्यावर फॅन्सी वायर, स्पीकर तोच, गाणं तेच. बटण दाबा आणि सांगा. लोकांना फरक सांगता येईना. याच कंपनीत ध्वनिसंशोधन पाहणारे रॉजर रसेल यांनी हे सगळं नंतर लिहून ठेवलं, आणि शेवट काय झाला तेही. प्रात्यक्षिक बिनतोड होतं, पण गिऱ्हाईकाला ते आवडेना. ज्याला जाड वायर घ्यायचीच आहे त्याला 'गरज नाही' हे ऐकायचं नसतं. कंपनीनं शेवटी नाद सोडला.

दुसरीकडे मिशिगनमध्ये हौशी लोकांचा एक गट होता. नाव ऐका : 'साउथईस्टर्न मिशिगन वूफर अँड ट्वीटर मार्चिंग सोसायटी'. नावावर जाऊ नका, मंडळी बिलंदर पण काम चोख. यातल्या आर्नी क्रूगर, डेव्हिड क्लार्क वगैरेंनी १९७७ च्या सुमारास एबीएक्स नावाची पेटी बनवली. ए म्हणजे एक वायर, बी म्हणजे दुसरी. एक्स म्हणजे या दोघींपैकीच कुठलीतरी, पण कुठली ते पेटीलाच ठाऊक. तुम्ही ए ऐका, बी ऐका, हवं तितक्या वेळा, हवा तितका वेळ. मग एक्स ऐका आणि सांगा, एक्स कोण? हे सोळा वेळा करायचं. नुसते ठोकताळे मारले तर सरासरी आठ बरोबर येतील. बारा किंवा जास्त बरोबर आले तर तो नशिबाचा खेळ असण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी. यात 'कोणती चांगली' हे विचारलेलंच नाही. एवढंच विचारलंय की वेगळी आहे हे तरी कळतं का.

याच पद्धतीनं ऑगस्ट १९८३ च्या 'स्टिरिओ रिव्ह्यू' मासिकात लॉरेन्स ग्रीनहिल यांनी वायरींची चाचणी छापली. अकरा श्रोते, तीन वायरी : मॉन्स्टर, १६ गेजची लॅम्प कॉर्ड आणि बारीक २४ गेज. पन्नास तासांची खटपट. निकाल : २४ गेजची वायर वेगळी ओळखता आली, विशेषतः पिंक नॉइज नावाचा धबधब्यासारखा आवाज लावला तेव्हा. पण संगीत ऐकताना मॉन्स्टर आणि लॅम्प कॉर्ड यांच्यातला फरक सांगता आला नाही. वर मांडलेलं ओहमचं गणित आणि हा निकाल शेजारी ठेवून बघा, दोन्ही एकच सांगतात.

इथे काही जण म्हणतील, म्हणजे ज्यांना फरक ऐकू येतो ते खोटं बोलतात? अजिबात नाही, आणि या विषयावर लिहिणारे शहाणे लोक नेमके इथेच चुकतात. समोरच्याला मूर्ख म्हणून मोकळे होतात. त्या माणसाला फरक खरोखर जाणवतो. फक्त तो वायरीतून आलेला नसतो.

१९९४ मध्ये फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी हार्मन कंपनीत एक प्रयोग केला. चार स्पीकर, चाळीस श्रोते, बहुतेक कंपनीचीच माणसं, म्हणजे कान तयार असलेली. एकदा स्पीकर दिसत असताना गुण द्यायला लावले, एकदा पडद्याआड ठेवून. दिसत होते तेव्हा मोठे, महागडे, देखणे स्पीकर वर चढले आणि छोटी स्वस्त प्लास्टिकची सिस्टीम खाली गेली. पडदा पडल्यावर ती स्वस्त सिस्टीम चांगलीच वर सरकली, मोठ्यांचा तोरा उतरला. माणसं तीच, कान तेच. आपण डोळ्यांनीही ऐकतो, किमतीनंही ऐकतो, नुकत्याच खर्च केलेल्या पैशांनी तर फारच बारकाईनं ऐकतो. शिवाय एकच गाणं दुसऱ्यांदा ऐकताना पहिल्यांदा निसटलेला तबल्याचा बोल पकडला जातोच. मधल्या काळात वायर बदललेली असली की श्रेय वायरीला.

आणखी एक, आवाजाची पातळी. दोन गोष्टींतली एक अगदी किंचित मोठी असेल तर कान 'मोठी' असं म्हणत नाही, 'जास्त स्पष्ट', 'जास्त मोकळी' असं म्हणतो. म्हणून नीट चाचणीत पातळी ०.१ डेसिबलपर्यंत जुळवून घेतात. अ‍ॅना केस जे गळ्यानं करत होती तेच. दुकानात हे कुणी जुळवत नाही.

आणि हे फक्त हौशी लोकांचं नाही बरं का. २०१० मध्ये अमेरिकेतल्या इंडियानापोलिस शहरात एका हॉटेलच्या खोलीत क्लॉडिया फ्रिट्झ आणि जोसेफ कर्टिन यांनी २१ कसलेल्या व्हायोलिनवादकांना काळे गॉगल चढवून सहा व्हायोलिनं वाजवायला दिली. तीन नवी, तीन जुनी, जुन्यांत दोन स्ट्राडिव्हारी. सर्वांत जास्त पसंती एका नव्या व्हायोलिनला मिळाली आणि सर्वांत कमी पसंती एका स्ट्राडिव्हारीला. ज्यांचं सगळं आयुष्य सुरांत गेलं त्यांची ही गत, तर तुमचीआमची काय कथा.

पण तेव्हा ऐंशीच्या दशकात गाडी सुटली होती. वायरीवरून सुरू झालेलं प्रकरण कुठे कुठे गेलं बघा. सीडीच्या कडेला हिरव्या शाईचा मार्कर फिरवला की आवाज सुधारतो, असं नव्वदच्या सुमारास जगभर पसरलं आणि खास त्यासाठीचे मार्कर विकले गेले. वायर जमिनीला टेकू नये म्हणून चिनी मातीचे छोटे टेकू आले. साडेतीनशे डॉलरचं एक डिजिटल घड्याळ आलं. घड्याळ मुळात बाजारात मिळणारं साधंच, पण त्यावर 'प्रक्रिया' केलेली. ते नुसतं भिंतीच्या सॉकेटमध्ये लावून ठेवलं की घरातली वीज सुधारते आणि सिस्टीम छान वाजते, असा दावा. काही समीक्षकांनी याचंही कौतुक छापलं. महागड्या पॉवर केबल तर आजही जोरात आहेत. वीज कुठून येते? केंद्रातून शेकडो किलोमीटर तारांवरून, मग रस्त्यावरची डीपी, मग मीटर, मग भिंतीतली साधी घरगुती वायर. या सगळ्या प्रवासानंतर शेवटच्या पाच फुटांत सोन्याच्या मुलाम्याची पिन. (अर्थिंग नीट नसेल तर स्पीकरमध्ये घूंऽऽ असा आवाज येतो, हे खरं. पण ते काम इलेक्ट्रिशियनचं.)

आता दहा लाख डॉलर. जेम्स रँडी नावाचे अमेरिकी जादूगार होते. अतींद्रिय शक्ती दाखवणाऱ्याला बक्षीस, हे त्यांचं आव्हान. १९६४ मध्ये एक हजार डॉलरपासून सुरू झालं, पुढे दहा लाखांवर गेलं. आपल्याला ही परंपरा परकी नाही. त्याच्या एक वर्ष आधी, १९६३ मध्ये, श्रीलंकेत अब्राहम कोवूर यांनी चमत्कार करून दाखवणाऱ्याला एक लाख रुपयांचं आव्हान दिलं होतं. पुढे बी. प्रेमानंद यांनी भारतात ते काम चालवलं, आणि महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि अंनिसनं गावोगाव नेलं. पद्धत सगळीकडे एकच : दावा तुमचा, मग सिद्ध तुम्ही करा, आणि अटी दोघांनी आधी मान्य करायच्या.

२००७ मध्ये रँडींची नजर 'पेअर' नावाच्या कंपनीच्या 'अंजू' केबलवर गेली. बारा फुटांची जोडी ७,२५० डॉलर. तेव्हाच्या भावानं तीन लाख रुपयांच्या जरा आत. रँडी म्हणाले, ही केबल आणि साधी चांगली केबल यांतला फरक न बघता ओळखून दाखवा, दहा लाख तुमचे. 'स्टिरिओफाइल' मासिकाचे समीक्षक मायकेल फ्रेमर पुढे आले. हिंमत त्यांची, मानलंच पाहिजे. पण केबल देणारी कंपनीच मागे हटली. मग कुठली केबल, कुठल्या अटी, यावर दोन्ही बाजूंची बरीच बाचाबाची झाली आणि चाचणी झालीच नाही. दोन्हीकडचे लोक आजही एकमेकांकडे बोट दाखवतात. मला विचाराल तर त्या वादातली सगळ्यात बोलकी गोष्ट कंपनीचं हटणं हीच. आपल्या मालाची एवढी खात्री असेल तर दहा लाखांची फुकट जाहिरात कोण सोडेल?

दुसरी बाजूही नीट मांडतो, कारण ती मांडली जात नाही. 'स्टिरिओफाइल'चे माजी संपादक जॉन अ‍ॅटकिन्सन यांनी आपलाच अनुभव सांगितलाय. १९७८ मध्ये त्यांनी एका अशा आंधळ्या चाचणीत भाग घेतला, ॲम्प्लिफायरमध्ये फरक कळला नाही, म्हणून त्यांनी स्वस्तातला क्वाड ४०५ घेतला. आणि मग महिनोन्‌महिने त्यांचं गाणं ऐकण्यातून मन उडत गेलं. शेवटी ॲम्प्लिफायर बदलल्यावर बरं वाटलं. त्यांचं म्हणणं, परीक्षेला बसवलं की कान गोंधळतो, खरा फरक सावकाश जाणवतो. हा आक्षेप चेष्टेवारी नेण्यासारखा नाही. पण त्याला उत्तर आहे. घरी घेऊन जा, महिनाभर ऐका, फक्त कुठली वायर लावलीय ते झाकून ठेवा. वेळ हवा तेवढा घ्या. पडदा मात्र काढू नका.

आणि आंधळ्या चाचणीत फरक कधी कळतच नाही, हेही खोटं. एमपीथ्री याच चाचण्यांतून घडलं. जर्मनीचे कार्लहाइन्झ ब्रँडनबर्ग सुझान व्हेगाचं 'टॉम्स डायनर' हे नुसत्या गळ्यावरचं गाणं पुन्हा पुन्हा ऐकून आपल्या पद्धतीतले दोष शोधायचे, कारण सुरुवातीला त्या गाण्यात आवाज भयंकर बिघडायचा. स्पीकरांतले फरक तर पडद्याआडही स्पष्ट कळतात. टूलसाहेबांचं सगळं आयुष्य त्यावरच गेलं. फरक असला की ही पद्धत तो पकडते. वायरीच्या बाबतीत पकडत नाही, एवढंच.

यावर शेवटी कुणी बोललं असेल तर जे. गॉर्डन होल्ट. १९६२ मध्ये 'स्टिरिओफाइल' सुरू करणारे हेच. 'उपकरण मोजू नका, ऐका' ही समीक्षेची रीत त्यांनी रुजवली. २००७ मध्ये त्याच मासिकाला दिलेल्या मुलाखतीत ते म्हणाले की ऐंशीच्या दशकात या क्षेत्रानं आंधळी चाचणी साफ नाकारली आणि तिथेच आपली विश्वासार्हता घालवली. घरातल्याच थोरल्या माणसानं सांगितलं. घरानं ऐकून घेतलं आणि जाहिराती चालू ठेवल्या.

डिजिटलनं तर उरलासुरला आधार काढला. नेटवर्कच्या केबलमधून गाणं जात नाही, आकडे जातात. एखादं पुडकं हरवलं तर परत मागवलं जातं. पोचलं की ते साठवून, ओळीत लावून मग वाजतं. तरी त्याही केबल सोन्याच्या भावात आल्या. २०१५ मध्ये 'आर्स टेक्निका'नं रँडींच्या संस्थेबरोबर लास व्हेगासमध्ये सुमारे ३४० डॉलरची इथरनेट केबल आणि अडीच डॉलरची केबल लोकांना न दाखवता ऐकवली. फरक कुणाला सांगता आला नाही.

आता या सगळ्याचा सार्वजनिक भाग. 'फरक पडत नाही' एवढं म्हणण्याची किंमत काय असते?

१९७० मध्ये अमेरिकेतल्या 'कन्झ्युमर रिपोर्ट्स'नं बोस ९०१ स्पीकरबद्दल लिहिलं की त्यातून वाद्यांचा आवाज खोलीभर भटकतो. (कंपनीचे संस्थापक अमर बोस. त्यांचे वडील बंगालमधले स्वातंत्र्यसैनिक, इंग्रजांच्या ससेमिऱ्यातून निसटून १९२० मध्ये अमेरिकेत गेलेले.) बोस कंपनीनं खटला भरला. नेमका वाद काय? आवाज 'खोलीभर' भटकतो की 'भिंतीलगत' भटकतो! खालच्या कोर्टात कंपनी जिंकली. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९८४ मध्ये निकाल मासिकाच्या बाजूनं लागला : शब्द थोडा सैल पडला म्हणून तो मुद्दाम केलेला खोटेपणा ठरत नाही. एका शब्दासाठी चौदा वर्षं. मासिकामागे भक्कम ग्राहकसंघटना होती म्हणून ते टिकलं. एकट्यादुकट्याचं काय झालं असतं?

मॉन्स्टर केबलची तऱ्हा वेगळी. 'मॉन्स्टर' हा शब्द नावात असणाऱ्यांवर ते तुटून पडायचे. मिनी गोल्फ चालवणारं एक कुटुंबही सुटलं नाही. लोक खवळले तेव्हा ते प्रकरण मागे घेतलं. २००८ मध्ये त्यांनी सिॲटलच्या 'ब्लू जीन्स केबल' या छोट्या, वाजवी भावाच्या कंपनीला पेटंटवरून नोटीस धाडली. दुर्दैव असं की त्या कंपनीचा मालक कर्ट डेंकी बरीच वर्षं वकिली करून या धंद्यात आलेला. त्यानं असं काही लांबलचक उत्तर दिलं, पेटंटच्या चित्रांसकट एकेक मुद्दा सोलून, आणि ते सगळ्यांना वाचायला खुलं केलं. पुढे खटला झालाच नाही.

ब्रिटनमध्ये जाहिरातींवर देखरेख करणाऱ्या संस्थेनं महागड्या पॉवर केबलच्या दाव्यांना पुरेसा पुरावा नाही असं म्हणून जाहिराती बदलायला लावल्या आहेत. आणि आपल्याकडे? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण आणलं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्यांदा १० लाखांपर्यंत, पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत दंड. २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत दाव्याला आधार हवा असं सरळ म्हटलंय. म्हणजे 'आमची वायर सुंदर आहे' म्हणा, कुणी अडवत नाही. 'आमच्या वायरीनं आवाज इतका सुधारतो' म्हणालात तर आधार मागता येतो, आणि तो द्यायची जबाबदारी विकणाऱ्याची. दुकानात उभं राहून हा प्रश्न विचारायला कायद्याचं कलम पाठ असायला लागत नाही.

ज्याला तीन लाखांची वायर घ्यायचीय त्यानं खुशाल घ्यावी. घड्याळं, पेनं, पैठण्या आपण उपयोगापुरत्या घेतो थोड्याच? माझं भांडण त्याच्याशी नाही. पण कुणी पोराच्या पहिल्या सिस्टीमसाठी महिनोन्‌महिने पैसे साठवून दुकानात जातो, आणि स्पीकर एक पायरी खालचा घेऊन उरलेले पैसे वायरीत घालायला लावून त्याला घरी पाठवतात, तेव्हा त्याच्या कानांतून काहीतरी चोरलेलं असतं. कारण स्पीकरमधला तो एक पायरीचा फरक त्याला अंधारातही ऐकू आला असता.

विचारतील म्हणून सांगून ठेवतो. दहा-पंधरा फुटांपर्यंत दीड स्क्वेअर एमएमची तांब्याची फ्लेक्सिबल पुरते, त्याहून लांब असेल तर अडीचची घ्या. टोकं नीट सोला, स्क्रू घट्ट करा, प्लस-मायनस दोन्ही स्पीकरना सारखं लावा. उरलेल्या पैशांत स्पीकर वरचा घ्या, नाहीतर खोलीत जाड पडदा आणि सतरंजी आणा.

आणि घरात महागडी वायर आधीच असेल तर एखाद्या रविवारी करून बघा. मित्राला स्पीकरमागे बसवा, नाणं उडवून दर वेळी वायर लावायला सांगा, मधे एक चादर टांगा. लावणाऱ्यानं बोलायचं नाही, खाकरायचंही नाही. सोळा वेळा. बारा बरोबर आले तर आकडे कमेंटमध्ये लिहा, मी स्वतः चादर घेऊन येतो.